घरच्या घरी कार्ब्युरेटर ट्यूनिंग: स्क्रूला हात लावण्याआधी आणि नंतर

पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या कार्ब्युरेटरचे दोन स्क्रू बाहेरून सहज दिसतात आणि साध्या स्क्रू ड्रायव्हरने फिरतात, त्यामुळे गाडीचं काहीही बिनसलं की हात आधी तिथेच जातो. सकाळी चालू होत नाही? फिरव स्क्रू. पिकअप गेलाय? फिरव स्क्रू. पण कालपर्यंत ठणठणीत चालणाऱ्या गाडीचा स्क्रू रात्रीतून आपोआप फिरत नाही. बदललेलं दुसरंच काहीतरी असतं: फिल्टर तुंबलेला, प्लग झिजलेला, मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं, रबर तडकलेलं किंवा जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, कचरा अडकलेला. ते न शोधता स्क्रू फिरवला तर मूळ दोष तसाच राहतो, वर चांगलं असलेलं सेटिंगही जातं.

हा लेख एका सिलिंडरच्या, कार्ब्युरेटर असलेल्या मोटरसायकलसाठी आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला यातलं बहुतेक काही लागू पडत नाही.

आत काय चालतं

पिस्टन खाली जाताना हवा ओढली जाते. कार्ब्युरेटरच्या गळ्यात वाट अरुंद केलेली असते. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर खेचलं जाऊन हवेत मिसळतं. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. जोर हवा असेल तेव्हा पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं, म्हणजे १२.५ ते १३ च्या आसपास. पेट्रोल गरजेपेक्षा जास्त झालं की मिश्रण रिच, कमी पडलं की लीन. रिच मिश्रणाने प्लग काळा पडतो, ॲव्हरेज घसरतं आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघतं. लीन चालवणं जास्त महागात पडतं, कारण भरधाव आणि लोडवर इंजिन बेसुमार तापतं आणि पिस्टनपर्यंत नुकसान पोहोचू शकतं. 'ॲव्हरेज वाढावं म्हणून थोडं लीन ठेवा' हा सल्ला म्हणूनच मला कधी पटलेला नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल देणारे रस्ते वेगवेगळे आहेत आणि त्यांपैकी कोणता चालू आहे हे ॲक्सिलरेटरची मूठ किती फिरवली आहे त्यावर ठरतं. गाडीचा वेग किंवा गिअर यांचा त्याच्याशी थेट संबंध नाही. मूठ बंद असल्यापासून साधारण पाव उघडेपर्यंत स्लो जेट आणि मिश्रणाचा स्क्रू यांचं राज्य असतं. त्यापुढे थोडा काळ स्लाइडच्या, म्हणजे मूठ ओढल्यावर वर उचलल्या जाणाऱ्या झडपेच्या, खालच्या कडेला दिलेल्या तिरक्या कापाचा प्रभाव जाणवतो. पाव ते पाऊण या टप्प्यात स्लाइडला लावलेली सुई, म्हणजे नीडल, काम करते. पाऊणच्या पुढे, मूठ पूर्ण ओढल्यावर, मेन जेट. सीमा एकमेकींत मिसळलेल्या असतात, पण निदानाला एवढं पुरतं. चढावर मूठ पूर्ण ओढल्यावर गाडी दम टाकत असेल तर आयडलिंगच्या, म्हणजे मूठ बंद असताना इंजिन चालतं त्या वेळच्या, स्क्रूशी खेळून काहीही हाती लागणार नाही, कारण त्या वेळी तो रस्ता जवळपास मुका असतो.

म्हणून पहिलं काम असं करा: हँडलच्या स्थिर भागावर आणि मुठीवर कागदी टेप चिकटवा आणि बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. मोकळ्या रस्त्यावर, हेल्मेट घालून चालवा आणि गाडी नेमकी कोणत्या खुणेवर अडखळते ते लक्षात ठेवा. चालवताना खुणांकडे टक लावून बघायचं नाही. अंदाज घ्या, गाडी बाजूला थांबवा, मग कागदावर लिहा.

स्क्रूच्या आधी तपासायच्या गोष्टी

एअर फिल्टर काढून उजेडात धरा. तुंबलेला असेल तर गाडी रिच चालते आणि दोष कार्ब्युरेटरवर येतो. प्लग काढून गॅप आणि रंग बघा. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) गॅप मॅन्युअलप्रमाणे आहे का ते इंजिन थंड असताना तपासा. टॅपेट आवळलेले असतील तर आयडलिंग कधीच स्थिर राहत नाही, कितीही ट्यूनिंग करा. चोकची पट्टी किंवा नॉब पूर्ण बंद होतोय ना, ॲक्सिलरेटरच्या केबलला थोडी ढिलाई आहे ना, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र मोकळं आहे ना, हेही पाहून घ्या. ते छिद्र बुजलं की गाडी काही किलोमीटर नीट चालून बंद पडते, आणि झाकण उघडलं की 'सुस्स' आवाज येऊन पुन्हा चालू होते.

त्यानंतर एअर लीक. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला बारीक चिरा पडतात. तिथून मोजमापाबाहेरची हवा आत शिरते आणि आयडलिंग वरखाली होत राहतं. गाडी आयडलवर ठेवून स्प्रेच्या बाटलीने त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर लीक सापडला. बरेच जण यासाठी कार्ब क्लीनर फवारतात. तो पेट घेणारा असतो आणि शेजारी तापलेलं इंजिन असतं, त्यामुळे पाणीच बरं.

या सगळ्यात अर्ध्याहून जास्त 'कार्ब्युरेटरचे' दोष इथेच निकालात निघतात असा माझा अनुभव आहे.

खोलून साफ करणं

दोष तरीही राहिला, किंवा गाडी बरेच महिने उभी होती, तर ट्यूनिंगआधी सफाई. काम उघड्यावर किंवा दारं-खिडक्या सताड उघडून करा. जवळ आग, सिगरेट, पेटता दिवा नको. डोळ्यांवर चष्मा हवा. जेटच्या एका टोकातून मारलेला स्प्रे दुसऱ्या टोकातून सरळ डोळ्यात येतो, तेव्हा त्याची किंमत कळते.

पेट्रोलचा नळ बंद करा. वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा. काचेच्या यासाठी, की तळाशी पाण्याचा थेंब किंवा गाळ असेल तर तो दिसतो. कार्ब्युरेटर उतरवला की इंजिनच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. केबलसकट बाहेर आलेली स्लाइड आणि तिच्यातली नीडल कापडात गुंडाळून वर लटकवून ठेवा, कारण वाकलेली नीडल सरळ करता येत नाही.

जपानी घडणीच्या कार्ब्युरेटरवरच्या फुलीच्या खाचेच्या स्क्रूंना साधा फिलिप्स ड्रायव्हर नीट बसत नाही. तो वर उसळतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएस (जपानी मानक) मापाचा ड्रायव्हर वापरा. जेट पितळेचे, म्हणजे मऊ. त्यांच्या खाचेत पूर्ण रुंदीने घट्ट बसेल असाच सपाट ड्रायव्हर हवा.

मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवत किती आट्यांत बसतो ते मोजा आणि लिहा. 'दीड आटा', 'दोन आटे आणि पाव', जे असेल ते. तळाला टेकल्याचं बोटांना कळतं. तिथे थांबायचं, आवळायचं नाही. टोक सुईसारखं असतं. ते दाबलं गेलं की त्याच्यावर कडं उमटतं, भोकाची कडा फाटते आणि पुढे कितीही ट्यून केलं तरी आयडलिंग धड राहत नाही. स्क्रू बाहेर आला की त्याच्यावर ओळीने स्प्रिंग, छोटा वॉशर आणि मोहरीएवढा ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, असायला हवा. ओ-रिंग बहुतेक वेळा भोकातच चिकटून राहतो. तिथे तसाच हवेचा झोत मारला तर तो उडून जातो आणि सापडत नाही. आधी टॉर्चने आत बघा, मऊ काडीने तो काढा, मग सफाई.

स्प्रे मारण्याआधी सगळे रबरी भाग आणि फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग) बाजूला काढा. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या सीव्ही कार्ब्युरेटरमध्ये वरच्या झाकणाखाली पातळ रबरी डायफ्रॅम असतो. कार्ब क्लीनर लागला की तो फुगतो आणि पुन्हा जागेवर बसत नाही. तो उजेडासमोर धरून भोक आहे का तेवढं बघा. डायफ्रॅम फाटला असेल तर मूठ कितीही ओढा, गाडी एका मर्यादेपुढे उचल घेत नाही.

स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. जुन्या पेट्रोलचा चिकट थर तेवढं भोक बुजवायला पुरेसा होतो. त्यात स्टीलची तार किंवा सुई घालू नका. पितळ खरवडलं जातं आणि जेटचा नंबर कायमचा बदलतो. क्लीनरमध्ये भिजवा, हवेचा झोत मारा, फारच हट्टी असेल तर नायलॉनच्या ब्रशचा एक केस. शेवटी उजेडासमोर धरून पाहा: ठिपका पूर्ण गोल आणि स्वच्छ दिसला पाहिजे. जेटच्या अंगावरची आडवी भोकंही विसरू नका. मग मिश्रणाच्या स्क्रूच्या भोकातून स्प्रे मारा. तो गळ्यातल्या बारीक छिद्रांतून बाहेर आला की आतला रस्ता मोकळा.

फ्लोट आणि वाटीतली पातळी

वाटीतल्या पेट्रोलची पातळी चुकली की सगळेच रस्ते एकदम चुकतात. पातळी जास्त असेल तर गाडी सर्वत्र रिच चालते, ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकतं. कमी असेल तर मूठ जास्त वेळ ओढल्यावर वाटी रिकामी होऊ लागते. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलेला आहे. वाटीत येणारं पेट्रोल बंद करणाऱ्या फ्लोटच्या सुईच्या रबरी टोकावर गोल खाच पडली असेल तर सुई बदला. फ्लोटची उंची मिलिमीटरमध्ये मॅन्युअलमध्ये दिलेली असते. मोजताना कार्ब्युरेटर तिरका धरा, म्हणजे फ्लोटची जीभ सुईच्या स्प्रिंगला नुसती टेकेल, तिला दाबणार नाही.

न खोलता पाहायचं तर ड्रेनच्या नळीला पारदर्शक नळी लावा, ती वाटीला समांतर उभी धरा, नळ चालू करून ड्रेन स्क्रू सोडा. वाटीतली पातळी नळीत दिसते.

ओव्हरफ्लो बराच काळ चाललेला असेल तर ऑइलची काडी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करू नका.

परत जोडताना

स्लाइडचा तिरका काप एअर फिल्टरकडे. बाजूची खाच तिच्या जागी बसल्याशिवाय स्लाइड पूर्ण खाली जात नाही. उलटी बसवून गाडी चालू केली तर इंजिन सुरू होताच सुसाट रेस घेतं आणि मूठ सोडून उपयोग नसतो. म्हणून किक मारण्याआधी मूठ ओढून सोडा, स्लाइड खाली आपटल्याचा 'टक' आवाज यायला हवा. चालू झाल्यावर हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. रेस बदलली तर केबल कुठेतरी ताणली जातेय.

आयडलिंग आणि मिश्रण

आता स्क्रू ओळखू. स्प्रिंग लावलेला, स्लाइडला वर ढकलणारा, बहुधा मोठ्या डोक्याचा असतो तो आयडलचा, म्हणजे रेसचा स्क्रू. दुसरा मिश्रणाचा. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर एअर स्क्रू: बाहेर काढला की हवा वाढते, मिश्रण लीन होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर फ्युएल स्क्रू: बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, रिच होतं. ही दिशा उलटसुलट झाली तर पुढचं सगळं उलटं होतं, त्यामुळे मॅन्युअलमधल्या आकृतीशी एकदा ताडून बघा. काही गाड्यांत मिश्रणाच्या स्क्रूवर टोपण किंवा सील असतं. ते धुराच्या नियमांसाठी असतं. त्याला हात लावलात तर नंतर एक्झॉस्टची तपासणी करून घ्या.

गाडी १० मिनिटं चालवून गरम करा. थंड इंजिनवर केलेलं ट्यूनिंग गरम झाल्यावर बिघडतं. चोक बंद. गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेततं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इंजिन बंद असताना मिश्रणाचा स्क्रू मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. आकडा नसेल तर टेकवून दीड ते दोन आटे बाहेर काढा आणि तिथून सुरुवात करा. गाडी चालू करून रेसच्या स्क्रूने आयडल नेहमीपेक्षा जरा वर ठेवा. मिश्रणाचा स्क्रू पाव आटा बाहेर फिरवा आणि पाच-दहा सेकंद थांबा, कारण इंजिन लगेच उत्तर देत नाही. रेस वाढली तर आणखी पाव. एका जागी रेस सगळ्यात वर जाते, त्यापुढे आवाज जड होतो किंवा अडखळतो. आता उलट दिशेने या आणि दुसऱ्या बाजूचीही हद्द शोधा. दोन्हींच्या मध्ये, जिथे इंजिन सर्वांत जलद आणि सलग चालतं, ती जागा. तिथे थांबून रेसच्या स्क्रूने आयडल खाली आणा. लहान गाड्यांत ते बहुधा १३०० ते १५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. मग मिश्रणाचा स्क्रू पुन्हा एकदा बारीक फिरवून बघा. दोन्ही स्क्रू एकाच वेळी फिरवायचे नाहीत.

टॅकोमीटर, म्हणजे आरपीएम दाखवणारा मीटर, नसला तरी अडत नाही. मीटरचा काटा किंचित हलण्याआधी कानाला फरक कळतो, फक्त शेजारी दुसरी गाडी चालू नको.

आता मूठ झटक्यात ओढून सोडा. रेस वरच अडकून हळूहळू खाली आली तर लीन, किंवा कुठेतरी हवा शिरतेय. आयडलपेक्षा खाली बसकण मारून मग सावरली तर रिच. चांगली जागा एक आट्याच्या आतच किंवा तीन आट्यांच्या पुढे सापडत असेल, तर स्क्रूचा दोष नाही. स्लो जेट तरी तुंबलाय, नाहीतर चुकीच्या नंबरचा आहे.

नीडल आणि मेन जेट

कंपनीने दिलेला फिल्टर आणि सायलेन्सर असेल तर यांना हात लावायची वेळ क्वचितच येते. खुला फिल्टर किंवा मोकळा सायलेन्सर लावला की मात्र हवा वाढून गाडी लीन होते.

नीडलच्या डोक्याकडे खाचा असतात, बऱ्याच गाड्यांत पाच, आणि त्यांपैकी एकीत क्लिप असते. क्लिप वरच्या खाचेत लावली की नीडल खाली उतरते, मिश्रण लीन. खालच्या खाचेत लावली की नीडल वर उचलली जाते, रिच. एका वेळी एकच खाच. काही गाड्यांत एकच खाच असते, तिथे हा पर्याय नाही.

मेन जेटवर नंबर कोरलेला असतो, मोठा नंबर म्हणजे जास्त पेट्रोल. पण एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या नंबराशी जुळेलच असं नाही, तेव्हा कार्ब्युरेटर ज्या बनावटीचा त्याचेच जेट घ्या. मूठ पूर्ण ओढलेली असताना ती किंचित मागे घेतल्यावर गाडी उलट जोर धरत असेल तर मेन जेट लहान पडतोय. पूर्ण ओढल्यावर गुरगुर करत जड चालत असेल, काळा धूर येत असेल तर मोठा झालाय. शंका आली तर आधी मोठ्या जेटने सुरुवात करून खाली या.

प्लगचा रंग हा पुरावा, पण तो वाचायलाही पद्धत लागते. अर्धा तास रहदारीत रखडून घरी येऊन प्लग काढला तर तो फक्त आयडलिंगची गोष्ट सांगतो. नवा प्लग लावून ज्या खुणेवर शंका आहे तिथे गाडी काही वेळ चालवा, मग क्लच दाबून इंजिन बंद करा, बाजूला थांबा आणि प्लग गार झाल्यावर काढा. मधल्या पांढऱ्या चिनी मातीचा रंग फिकट बदामी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे रिच. पांढराफटक आणि वर बारीक फोड म्हणजे लीन, गाडी तशीच पळवू नका. आजच्या पेट्रोलने प्लग जुन्या पुस्तकांतल्या चित्रांपेक्षा फिकाच दिसतो, तेव्हा जरासा फिका रंग पाहून घाबरून जेट बदलायला धावू नका.

उंच डोंगरावर हवा विरळ असते, तिथे तीच गाडी रिच वाटते. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते, गाडी लीनकडे झुकते. दोन दिवसांच्या सहलीसाठी सेटिंग बदलू नका, कायमचा मुक्काम हलला तरच बदला.

प्रत्येक बदल तारखेसह लिहून ठेवा: स्क्रूचे आटे, क्लिपची खाच, जेटचा नंबर, त्या दिवशीचं वागणं. एका फेरीत एकच बदल.

दोन किंवा चार कार्ब्युरेटरच्या गाडीत ते सगळे एकाच मापाने उघडायला लागतात. त्यासाठी व्हॅक्यूम गेज लागतात, कानावर ते काम होत नाही. गेज नसतील तर कार्ब्युरेटर एकमेकांना जोडणाऱ्या स्क्रूंना हात लावू नका.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर नळ बंद करून वाटीचा ड्रेन स्क्रू सोडा आणि पेट्रोल काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं. ते वाटीतच राहिलं तर स्लो जेट पुन्हा बुजतो.